अठ्ठ्याण्णव की अडुसष्ट

अकिला सिस्टर भित्री आहे असं वेल्ह्याच्या पट्ट्यात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. तोरण्याच्या अंगाखांद्यावरच्या वाड्यांवर ती एकटी चालत जायची. अडलेली बाळंतीण मोकळी करायची. पिऊन आलेल्या नवऱ्याला खाटेजवळ फिरकू द्यायची नाही. पण जीपच्या मागच्या भागात पेशंट आडवा केला आणि गाडी हलली, की तिच्या पोटात जो गोळा उठायचा तो दवाखान्याची पायरी दिसेपर्यंत बसायचा नाही. हे तिच्या नवऱ्याला, एहसानलासुद्धा धड ठाऊक नव्हतं.

अकिला मूळची भोरची. वडील मुबारकभाई कचेरीत शिपाई होते. गल्लीतली नर्सिंगला पुण्याला गेलेली ती पहिली मुलगी. कोर्स झाला आणि वेल्हे तालुक्यात नेमणूक मिळाली. आठवडाभर वेल्ह्यात भाड्याच्या खोलीत राहायचं आणि रविवारी एसटीनं भोरला घरी जायचं, असं तिचं चाललं होतं. भीती बसली ती १९९४ साली. नुकतीच बाळंत झालेली एक बाई, रक्त थांबेना म्हणून ती तिला जीपमध्ये घालून नसरापूरला निघाली होती. बाईचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मार्गासनीच्या पुढं बाईचं कण्हणं थांबलं. अकिलाला वाटलं, डोळा लागला. जीपमध्ये बसलेल्या बाईच्या सासूलाही तिनं तसंच सांगितलं. नसरापूरला डॉक्टरांनी बाईची पापणी वर करून पाहिली, मनगट धरलं आणि हळू आवाजात विचारलं, "कधीपासून अशी आहे?"

अकिलाला सांगता आलं नाही.

तिला कुणी बोल लावला नाही. बाई वाचणारी नव्हतीच, असं डॉक्टर स्वतः म्हणाले. पण पुढची तेरा वर्षं जीपमध्ये बसलं की अकिलाची बोटं पेशंटच्या मनगटावरून हलली नाहीत. खडबडीत रस्त्यावर पेशंटची नाडी कुठली आणि आपल्याच बोटातली धडधड कुठली, हे तिला कळेनासं व्हायचं, आणि मग ती आणखी घाबरायची.

म्हणून २००७च्या ऑगस्टमध्ये वैदेही तिच्या आरोग्य उपकेंद्रावर आली, तेव्हा अकिलानं तिला बसायला खुर्चीसुद्धा न देता आधी ते यंत्र हातात घेतलं. वैदेही भोरच्याच एका वकिलांची मुलगी, पुण्यात एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होती. ते यंत्र कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढं होतं. बोटाला लावलं की रक्तातला प्राणवायू किती टक्के ते आकड्यात दाखवायचं, पंच्याण्णवच्या वर असला की ठीक. मोठ्या दवाखान्यांत अशी यंत्रं होती, पण वैदेहीच्या कंपनीला डोंगरात चालेल असं हवं होतं, दोन बारक्या सेलवर महिनोन् महिने टिकणारं. आकडा दाखवायला त्यावर नखाएवढा पडदा होता. त्याला ओएलईडी म्हणतात, तो स्वतःच उजळतो, मागं दिवा लागत नाही, असं वैदेहीनं सांगितलं. काही महिने वापरून पाहा आणि वहीत नोंदी करा, एवढंच तिचं मागणं होतं. वरून परवानगीचं पत्रही तिनं आणलं होतं.

पंधरा दिवसांनी वैदेही परत आली. अकिलानं तिला अंगणात उन्हात नेलं आणि यंत्र तिच्याच बोटाला लावलं. पडद्यावर काहीच दिसत नव्हतं, नुसती काळी काच. घरात आकडा झकास दिसायचा, पण उन्हात गडप. "आमचा पेशंट घरात मरत न्हाई मॅडम, रस्त्यात मरतो," अकिला म्हणाली. वैदेहीनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

सप्टेंबरच्या शेवटी तिनं नवं यंत्र आणलं. त्याच्या पडद्यावर एक पारदर्शक कागद चिकटवलेला होता. भिंगाखाली पाहिलं तर त्या कागदावर बारीक बारीक घुमट होते, हजारो, एकेक माणसाच्या केसापेक्षा बारीक. अकिलानं विचारलं की ह्या फोडांनी उजेड कसा वाढणार. वैदेहीनं तिला नदीची आठवण करून दिली. नीरेत बुडी मारून वर पाहिलं, की डोक्यावरच्या एका गोल तुकड्यातूनच आभाळ दिसतं आणि बाकी सगळं पाणी आरशासारखं चमकतं, हे भोरच्या पोरीला सांगायला नको होतं. काचेतही तसंच होतं, वैदेही म्हणाली. आत तयार झालेला बराचसा उजेड काचेतून बाहेर पडतच नाही, आतल्या आत आपटत राहतो आणि कडेला जाऊन विरतो. हे घुमट म्हणजे एकेक भिंग. त्यांच्या उतारावर तो अडकलेला उजेड बाहेर निसटतो. सेल तेवढेच आणि उजेड दीडपट.

त्यांनी अंगणात पाहिलं. आकडा दिसला. जरा पसरट, दुधाळ, पण दिसला: अठ्ठ्याण्णव. अकिलाच्या मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं. आता 'कधीपासून' असं कुणी विचारलं तर सांगता येणार होतं.

ऑक्टोबरच्या एका सकाळी दहाच्या सुमाराला कुंडलिक आणि त्याची बायको सखूबाई उपकेंद्रावर आली. कुंडलिक चाळिशीचा, अंगानं काटक. भाताची कापणी सुरू होती आणि राखणीला तो चार दिवस खळ्यावरच जमिनीवर झोपत होता. पहाटेपासून पोटात कळ येते, घसा दुखतो, पाणी गिळवत नाही, असं सखूबाईनं सांगितलं. शिळं काही खाल्लं असेल, अशी तिची समजूत. तो बाकावर बसला होता आणि त्याच्या डोळ्यांवर झापड होती.

अकिलानं त्याची हनुवटी धरली आणि वर बघायला सांगितलं. त्यानं मान मागं टाकली, कपाळाला आठ्या पाडल्या, पण पापण्या वर उचलल्या नाहीत. तिनं पायापासून मानेपर्यंत सगळं अंग तपासलं. कुठं दात उमटलेले नव्हते, कुठं सूज नव्हती. मण्यार चावली तर असंच असतं, हे तिला शिकवलेलं होतं. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग मान, आणि शेवटी छातीचा भाता थांबतो. सापाचं नाव तिनं सखूबाईपुढं काढलं नाही. नुसतं म्हणाली, "वेल्ह्याला जायाचं. आत्ताच."

रस्त्यावर मानसिंगची वडापची जीप प्रवासी भरत उभी होती. बसलेली माणसं काही न विचारता खाली उतरली.

वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं म्हणणं मान्य केलं आणि सलाईनमधून विषावरचं औषध सुरू केलं. पण ते म्हणाले, मण्यारीच्या विषाला नुसत्या औषधाचा भरवसा नाही, श्वास देणारं मशीन लागेल, आणि ते पुण्यात आहे. अॅम्ब्युलन्स सकाळीच एका बाळंतिणीला घेऊन पुण्याला गेली होती. डॉक्टर एकटेच होते, त्यांना दवाखाना सोडता येत नव्हता. त्यांनी पुण्याच्या दवाखान्याला फोन लावला आणि अकिलाच्या हातात श्वास द्यायची रबरी पिशवी आणि मुखवटा दिला. "श्वास तोकडा वाटला की दाबायला सुरुवात करा. थांबू नका," ते म्हणाले. सावलीत यंत्र सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव दाखवत होतं.

बारा वाजून गेले होते. मानसिंगच्या जीपला मागं टप होता, पण बाजू उघड्या. कुंडलिकला आडव्या फळीवर निजवलं होतं, सलाईनची बाटली टपाच्या दांडीला बांधली होती. त्याचे डोळे मिटलेले, हात ढिले. हाक मारली की मघापर्यंत बोट हलवत होता, ते आता बंद झालं होतं. ऑक्टोबरचं ऊन उजव्या बाजूनं थेट आत येत होतं. अकिलानं यंत्र त्याच्या बोटाला लावलं आणि तिची नजर त्या नखाएवढ्या पडद्याला चिकटली. छाती हलत होती की जीपच्या हादऱ्यानं हलल्यासारखी वाटत होती, हे तिला ठरवता येईना. अधूनमधून ती पिशवी दाबत होती, मुखवटा एका हातानं धरून. हवा कडेनं निसटत होती. हाताला कळा लागल्या होत्या. पण पडदा उजळ होता. त्या दुधाळ उजेडात तिनं वाचलं: अठ्ठ्याण्णव.

मार्गासनी गेलं. सखूबाईनं नवऱ्याच्या पायावर हात ठेवून विचारलं, "कसं हाय, बाई?"

"अठ्ठ्याण्णव. चांगलं हाय," अकिला म्हणाली. पिशवी तिनं मांडीवर ठेवली आणि दुखरा हात झटकला. वहीत वेळ टाकून आकडा लिहिला. सखूबाईनं पदरानं तोंड पुसलं.

मिनिटभर गेलं असेल, फार तर दीड. रस्त्याला वळण आलं आणि एका आंब्याची सावली जीपवरून सरकली. त्या सावलीत अकिलाला कुंडलिकची नखं दिसली. जांभळाचा डाग पडावा तशी. तिनं ओढणीचा आडोसा करून पडद्यावर डोळा लावला. घुमटांच्या उजेडाला झालर सुटली होती, आकड्याच्या एका रेघेचा प्रकाश शेजारच्या रेघेत सांडत होता. नऊ, आठ, सहा, सगळी एकाच तोंडवळ्याची. पण आडोशात रेघ न् रेघ नीट पाहिली तेव्हा तो आकडा नऊनं सुरू होत नव्हता.

अडुसष्ट होता.

किती वेळ झाला होता? मार्गासनीला अठ्ठ्याण्णव होता की तेव्हाच ऐंशी होता? तिला माहीत नव्हतं. मानसिंगला थांबायला सांगावं की जीप पळवायला, हेही क्षणभर सुचलं नाही. मग तिनं फळीवर गुडघे टेकले, कुंडलिकच्या डोक्याशी बसून दोन्ही हातांनी त्याचा जबडा वर ओढला आणि मुखवटा घट्ट दाबला. पिशवीला हात उरला नाही.

"सखूबाई, पिशवी धरा. मी म्हणंन तवा दाबा. सोडा. परत दाबा."

सखूबाईनं आयुष्यात असं काही हातात घेतलं नव्हतं. पहिल्या दोन वेळा तिनं चाचरत दाबलं. तिसऱ्या वेळी कुंडलिकची छाती वर आली, हादऱ्यानं नव्हे, हवेनं. अकिलानं त्यानंतर यंत्राकडे पाहिलंच नाही. ती छातीकडे पाहत होती, ओठांकडे पाहत होती आणि मोठ्यानं मोजत होती. नसरापूर आलं, हायवे लागला. कात्रजच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा दोघी नुसत्या आवाजावर चालल्या, एक मोजत, दुसरी दाबत. मध्ये एकदा सखूबाईचा हात थांबला तर अकिला तिच्यावर खेकसली. पुण्याच्या दवाखान्याच्या दारात माणसांनी कुंडलिकला उचलून नेलं आणि सखूबाईच्या हातातून पिशवी सोडवून घ्यावी लागली. तिची बोटं उघडत नव्हती.

कुंडलिक सहा दिवस मशीनवर होता. सातव्या दिवशी त्यानं पापणी उचलली.

वेल्ह्यात अकिलाचं कौतुक झालं. डॉक्टरांनी चार लोकांत शाबासकी दिली. अकिला मान खाली घालून ऐकत राहिली. वहीत तो आकडा तसाच होता, मार्गासनी, अठ्ठ्याण्णव. तो खोडला तर विचारतील का खोडला, आणि ठेवला तर कुणाला काहीच कळणार नव्हतं. सखूबाईला आकड्यांमधलं काही कळत नव्हतं. मानसिंगचं लक्ष रस्त्यावर होतं. गेली ती दीड मिनिटं फक्त आपल्याला माहीत आहेत, असं अकिला स्वतःला बजावत होती, आणि त्यानंच तिची भूक गेली होती. दारात कुणी सायकल लावली तरी तिला वाटायचं, चौकशीलाच आले.

नोव्हेंबरअखेरीला कुंडलिक आणि सखूबाई नव्या भाताचे तांदूळ घेऊन उपकेंद्रावर आले. कुंडलिकचा आवाज अजून घोगरा होता. तो बाकावर बसला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. सखूबाई पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा तो म्हणाला,

"सिस्टर, म्या समदं ऐकत हुतो."

अकिलाला कळेना.

"जीपमदी. डोळं उगडंनात, बोट हलंना, पर कान शाबूत हुतं. तुमी म्हणालात अठ्ठ्याण्णव, चांगलं हाय. मला श्वास येत नव्हता, सिस्टर. मला वरडून सांगायचं हुतं, आवो न्हाई, न्हाई चांगलं. पर जीभच हलंना. आता मला आडवं पडलं की भ्याव वाटतं. वाटतं, म्या जागा आसतानाच लोकं मला पुरत्याल."

तो रागावला नव्हता. ज्या बाईनं जीव वाचवला तिलाच हे सांगायला हवं, असं त्याला वाटलं असावं. दुसऱ्या कुणाला ते समजलंही नसतं. अकिलानं त्याचा हात धरला. तिला माफी मागायची होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मी चुकीचं वाचलं, कुंडलिकदादा." तो म्हणाला, व्हय, तसंच काईतरी असंल असं मलाबी वाटलं.

त्याच दुपारी तिनं वेल्ह्याच्या बूथवरून वैदेहीला फोन करून सगळं सांगितलं. कंपनीनं तिला वही घेऊन पुण्याला बोलावलं.

पुण्याला जायच्या दिवशी स्वारगेटला उतरताना तिचे पाय मागं ओढत होते. एहसानला तिनं आदल्या रविवारी सगळं सांगितलं होतं. नोकरीवर येईल का, असं त्यानं विचारलं होतं. येईलही, ती म्हणाली होती. त्यानं थोडा विचार करून, मी सोबत येतो, म्हटलं, पण तिनं नको म्हणून सांगितलं.

कंपनीच्या खोलीत सहा जण होते. वैदेहीचे वरिष्ठ रघुवीर सर टेबलाच्या टोकाला बसले होते, पन्नाशीचे, शांत बोलणारे. अकिलाची वही त्यांच्यापुढं उघडी होती. पडद्याचा उजेड दीडपट झाल्याचा कागद भिंतीला लावलेला होता. पुढच्या महिन्यात त्यांना तो बाहेरच्या लोकांना दाखवायचा होता. रघुवीर सरांनी वहीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, तुमच्या स्वतःच्या नोंदीत तर अठ्ठ्याण्णव लिहिलं आहे.



"ती नोंद खोटी हाय, सर," ती म्हणाली. "मला धड दिसलं नव्हतं. मी घाबरले होते, आणि मला जे पाहिजे होतं ते मी वाचलं. पण तुमचा पडदा एवढा झगमगत नसता, तर मला काही दिसलंच नसतं, आणि मग मी माणसाकडं बघितलं असतं."

वैदेहीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. पडद्यावरचा तो घुमटांचा कागद तिनंच चिकटवला होता. रघुवीर सर उठले आणि यंत्र घेऊन सगळ्यांना गच्चीवर घेऊन गेले. दुपारचं ऊन होतं. वैदेहीनं तारा जोडून पडद्यावर एक आकडा लावला, कुणाला न सांगता, आणि यंत्र एका हातातून दुसऱ्या हातात फिरलं. वाचून प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं होतं. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा दोघांनी अठ्ठ्याऐंशी लिहिलं होतं, दोघांनी अठ्ठ्याण्णव. लावला होता अडुसष्ट. पाचवी चिठ्ठी रघुवीर सरांची होती. ती त्यांनी वाचून खिशात घातली.

पुढचे तीन महिने वैदेही त्याच कामात होती. दोष भिंगांचा नव्हता, भिंगं आणि उजेड यांच्या मधल्या काचेचा होता, असं तिनं अकिलाला नंतर समजावलं. काच जाड, म्हणून एका रेघेचा उजेड आत तिरका चालत जाऊन शेजाऱ्याच्या घुमटातून बाहेर पडायचा. शिवाय उन्हात तो कागद स्वतःच पांढरा व्हायचा. प्रयोगशाळेत त्यांनी उजेड किती ते मोजलं होतं, आकडा वाचता येतो का ते मोजलंच नव्हतं. तिनं काच पातळ केली, घुमट आणखी बारीक करून उजेडाच्या जवळ नेले, आकड्यांच्या रेघांमध्ये मोकळी जागा सोडली आणि वर एक सावळी पट्टी लावली. त्यात मिळवलेल्या उजेडातला थोडा परत गेला. रघुवीर सरांनी ते चालवून घेतलं. अकिलानं एकच गोष्ट जास्तीची मागितली होती, आकडा नव्वदच्या खाली गेला की यंत्रानं आवाज करावा. हे तर सगळ्यात सोपं होतं, वैदेही म्हणाली, आणि ते आम्हाला सुचलं नाही.

अकिलावर कारवाई झाली नाही. तिनं डॉक्टरांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, की बरं झालं सांगितलंत, आता दुसऱ्या सिस्टरांनाही सांगा. ते तिला सगळ्यात अवघड गेलं. तालुक्याच्या बैठकीत वीस जणींपुढं उभं राहून ती ते बोलली, तेव्हा तिची साडी पाठीला चिकटली होती.

नवं यंत्र २००८च्या एप्रिलमध्ये आलं. तोवर तिची बदली पानशेतच्या बाजूला झाली होती. मे महिन्यात धरणावर आलेली एक बाई पाण्यात पाय घसरून बुडाली. लोकांनी तिला काढलं, ती श्वास घेत होती, पण नाकातोंडातून फेस येत होता. अकिला तिच्याबरोबर टेम्पोत चढली. भर उन्हात टेम्पो घाटरस्त्याला लागला आणि यंत्र चिरक्या आवाजात वाजू लागलं. आजूबाजूची माणसं दचकली. अकिलाच्या पोटात तोच गोळा उठला. तिनं आधी बाईचे ओठ पाहिले, छाती पाहिली, मुखवटा लावला. मग पडद्याकडे पाहिलं. पूर्वीइतका तो झगमगत नव्हता. ब्याऐंशी, त्यावर लिहिलं होतं, सरळ आणि कोरडं. पिशवी दाबता दाबता तिनं तो आकडा मोठ्यानं वाचला आणि शेजारी बसलेल्या बाईच्या नवऱ्यालाही वाचायला लावला. त्यालाही तोच दिसला.